मनगटावर एक ओळ गोंदवायची आहे. आधी काय काय माहीत असायला हवं?

पाऊलवाट

माझं वय ३४, अंगावर आजवर एकही टॅटू नाही. चार वर्षांपासून मनात असलेली एक ओळ डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदवायची आहे. ओळ माझीच आहे, सहा शब्दांची, देवनागरीत. तीन आठवड्यांनंतरची वेळ ठरवली आहे. आर्टिस्टचं काम फोटोंत पाहिलं, आवडलं. प्रत्यक्ष स्टुडिओत मात्र अजून गेलेले नाही.

वेळ ठरली आणि प्रश्न सुरू झाले. कातडीखाली नेमकं काय जातं, ते तिथेच का टिकतं, जंतुसंसर्ग कसा टाळायचा, हे कुणालाही विचारलं तरी "काही होत नाही गं" किंवा "कशाला हवंय ते" यांपैकी एक उत्तर मिळतं. दोन्हींनी माझं समाधान होत नाही. ज्यांनी टॅटू काढून घेतलाय, जे काढतात, ज्यांना पुसावा लागलाय, कुणी डॉक्टर असतील तर ते, सगळ्यांनी सविस्तर लिहा. ओळीची लांबी साधारण ५ सेंटीमीटर धरली आहे.

शाईवाली

अकरा वर्षं टॅटू काढते आहे, म्हणून आधी माझ्या बाजूचं सांगते.

पहिलं काम म्हणजे स्टुडिओ बघून या. तिथे दुसऱ्या कुणाचं काम चालू असताना जा आणि दहा मिनिटं नुसत्या बसा. फोटोंत रेषा दिसते, हात धुतले होते की नाही ते दिसत नाही.

हल्ली बहुतेकजण कार्ट्रिज वापरतात, म्हणजे सुई आणि तिचं प्लास्टिकचं घर एकत्र, सीलबंद पाकिटात. एकदा वापरायचं आणि टाकायचं. ते पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे. त्यावर निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि मुदत छापलेली असते. ती बघायला मागा. ज्याचं काम स्वच्छ आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. चांगल्या कार्ट्रिजच्या आत एक पातळ पडदा असतो, त्यामुळे रक्त आणि शाई उलट मशीनमध्ये चढत नाही. हलक्या मालात हा पडदा नसतो, आणि मग सुई नवी असली तरी मशीन आधीच्या माणसाच्या रक्ताने माखलेलं असू शकतं.

शाई बाटलीतून छोट्या टोपणांत काढून घ्यायची असते. उरलेली शाई टोपणासकट कचऱ्यात. ती परत बाटलीत ओतताना दिसली तर तिथून उठा, आगाऊ पैसे बुडाले तरी उठा. मशीनची वायर, बाटल्या, दिव्याची मूठ, जिथे जिथे काम करताना हात लागतो तिथे प्लास्टिकचं आवरण हवं. आणि आर्टिस्टच्या हातमोज्यांवर लक्ष ठेवा. मोजे घातलेल्या हाताने फोन उचलला आणि तोच हात परत कातडीवर आला, तर मोज्यांचा काही उपयोग राहिला नाही.

धातूची मूठ परत परत वापरणारे असतील तर ऑटोक्लेव्ह कुठे आहे ते विचारा. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटं, तेव्हा चिवट जंतू मरतात. उकळत्या पाण्याने किंवा स्पिरिटने पुसून ते काम होत नाही.

ओळीबद्दल वेगळं लिहीन, त्यात मला अडचण दिसते आहे.

रसायन

शाईवाली यांनी टोपणांचं सांगितलं ते महत्त्वाचं आहेच, पण बाटलीच दूषित असू शकते हे लक्षात ठेवा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे २०११-१२ मध्ये एकाच आर्टिस्टकडे गेलेल्या १९ जणांच्या टॅटूवर लाल पुरळ उठलं आणि आठवडेच्या आठवडे गेलं नाही. मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा जंतू निघाला, क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला पण वेगळा. तो आधीच फिकी करून विकलेल्या राखाडी शाईतून आला होता आणि संशय शाई पातळ करताना वापरलेल्या पाण्यावर होता. डिस्टिल्ड पाणी हे निर्जंतुक असतंच असं नाही. त्यामुळे छटा फिकी करायला आर्टिस्ट कोणतं पाणी घेतो हे जरूर विचारा. निर्जंतुक म्हणून सीलबंद मिळणारंच पाणी हवं, नळाचं किंवा फिल्टरचं नको.

आता शाईत काय असतं. काळ्या शाईत बहुधा कार्बन, म्हणजे शुद्ध काजळी. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड. तपकिरी आणि मातकट छटांत लोखंडाची ऑक्साइडं. भडक लाल, पिवळे, नारिंगी रंग आज बहुतेक ॲझो नावाच्या कुळातले कृत्रिम रंग असतात, आणि हे रंग मुळात छपाई, प्लास्टिक, गाड्यांचा रंग यांच्यासाठी तयार झालेले आहेत. कातडीत टोचण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आजवर एकाही रंगाला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या ४,००० हून अधिक रसायनांवर मर्यादा किंवा बंदी घातली. निळा १५:३ आणि हिरवा ७ (हे रंगद्रव्यांचे क्रमांक) या दोन रंगांना तेव्हा एक वर्षाची जास्त मुदत मिळाली होती, ती २०२३ च्या जानेवारीत संपली.

तुम्हाला फक्त काळी ओळ हवी आहे, तेव्हा यातली बरीच काळजी आपोआप कमी होते. तरी बाटलीवरचं लेबल बघा. घटक, बॅच क्रमांक, मुदत. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे काही झालं तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील आणि तेव्हा कुणाकडेच उत्तर नसतं.

त्वचारोगतज्ज्ञ

शाई तिथेच का टिकते, हा प्रश्न मला आवडला. टॅटू काढून घेणाऱ्यांपैकी फार थोडे तो विचारतात आणि पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण त्याच उत्तरात आहे.

कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, साधारण महिन्याभरात तो पूर्ण बदलतो. तिथे शाई ठेवली तर महिन्यात जाईल. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल उतरवतात. मशीन मिनिटाला शेकडो वेळा, कधी तीन हजार वेळाही टोचतं. शरीराच्या दृष्टीने ही हजारो बारीक भोकांची जखम आहे आणि प्रत्येक भोकात परकी वस्तू आहे. साफसफाई करणाऱ्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. पण ते कण त्यांना पचत नाहीत. पोटात शाई घेऊन त्या तिथेच राहतात, आणि आपल्याला बाहेरून जी रेषा दिसते ती म्हणजे या पेशी.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की या पेशीही कायमच्या नसतात. त्या मरतात, शाई सोडतात आणि शेजारी आलेली नवी पेशी तीच शाई परत गिळते. टॅटू टिकतो तो या देवघेवीमुळे. वर्षांनुवर्षं ही हातबदली चालू राहते. मी रुग्णांना हे मुद्दाम सांगतो, कारण लोक टॅटूला कागदावरच्या चित्रासारखं समजतात. तो जिवंत ऊतीत आहे. तुमची प्रतिकारशक्ती त्याच्याकडे रोज लक्ष देऊन असते.

सगळे कण जागेवर राहत नाहीत. काही लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) जातात. हातावर टॅटू असलेल्यांच्या काखेतल्या ग्रंथी रंगलेल्या दिसतात, शस्त्रक्रियेत हे डॉक्टरांच्या नजरेला पडतं. म्हणून पुढे कधी स्तनाची तपासणी किंवा ग्रंथीची बायॉप्सी व्हायची असेल तर टॅटूबद्दल सांगायला विसरू नका.

आता माझे प्रश्न. मधुमेह आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेताय किंवा गेल्या काही महिन्यांत घेतली आहे का? जखम भरल्यावर व्रण जाड, उंच होतो का, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती? धातू, केसांचा रंग, चिकटपट्टी यांची ॲलर्जी? गरोदरपण किंवा अंगावर पाजणं? त्वचेचा कोणताही जुना आजार? ज्या जागी गोंदवायचं तिथे तीळ आहे का? तिळावर शाई गेली की तो बदलतोय का हे पुढे कळत नाही, आणि तीळ बदलणं हे कधी कधी कर्करोगाचं पहिलं लक्षण असतं. तीळ मोकळा सोडायचा, डिझाइन सरकवायचं.

आईपण

माझी मुलगी अठराची झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात टॅटू म्हणून हट्ट धरून बसली. मी अजून हो म्हटलेलं नाही. धागा तिच्यासाठी वाचते आहे. पाऊलवाट, तुम्हाला नाउमेद करायचं नाही, पण स्वीडनमध्ये टॅटू आणि कर्करोगाचा संबंध सापडला अशी बातमी वाचली होती. डॉक्टर, त्यात किती तथ्य?

त्वचारोगतज्ज्ञ

ते लुंड विद्यापीठाचं २०२४ मधलं काम. जवळपास १२ हजार लोकांची तुलना होती आणि टॅटू असलेल्यांत लिम्फोमाचं, म्हणजे लसीकाग्रंथींशी संबंधित कर्करोगाचं, प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त दिसलं. आता दुसरी बाजू. टॅटूमुळे लिम्फोमा झाला असं हा अभ्यास सिद्ध करत नाही, तशी त्याची रचनाच नाही. टॅटू जितका मोठा तितका धोका जास्त, असंही त्यांना आढळलं नाही, आणि कारण टॅटू असता तर ते दिसण्याची अपेक्षा असते. शिवाय लिम्फोमा मुळात विरळ आजार, विरळ गोष्ट एकपंचमांशाने वाढली तरी विरळच राहते. शाईचे कण ग्रंथींत साठतात हे खरं असल्यामुळे प्रश्न योग्य आहे आणि त्यावर काम व्हायला हवं. एवढ्यावरून मी कुणाला छोटी काळी ओळ काढू नका म्हणणार नाही. अंगभर रंगीत काम करायचं असेल तर मात्र मी थोडा विचार करायला सांगेन.

तुमच्या मुलीला हो म्हणायचं की नाही हे तुम्ही दोघी ठरवा. तिला हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते मात्र आजच बघा. हा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवस टिकू शकतो. लस उपलब्ध आहे. हिपॅटायटिस सीला लस नाही, तिथे सुईची स्वच्छता एवढाच बचाव.

जुनी जखम

मी पुसणाऱ्यांच्या बाजूचा. चुका माझ्याकडूनच झाल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

तेविसाव्या वर्षी उजव्या हातावर "निर्भय" असं गोंदवलं. आर्टिस्ट परभाषिक होता, देवनागरी वाचता येत नव्हती. मी शब्द फोनवर टाइप करून पाठवला, त्याने तो डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, छापला, स्टेन्सिल केली, म्हणजे टोचण्याआधी कातडीवर उमटवायचा नमुना. देवनागरी नीट न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर बसते आणि रफार सुटून "र" खाली पाय मोडलेला दिसतो. माझ्या हातावर "न", मग वेलांटी, मग पाय मोडका "र", मग "भय". वेलांटी "र"ला लागल्यासारखी दिसायची, वाचणारा "नरिभय" वाचायचा. स्टेन्सिल लावल्यावर मी आरशात बघितली, आरशात अक्षरं उलटी, मी उत्साहात, मान डोलावली. घरी आल्यावर बहिणीने पहिल्या नजरेत पकडलं.

सहा वर्षं पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. मग लेझर.

लेझर म्हणजे खोडरबर नव्हे. अतिशय सूक्ष्म काळाचे, सेकंदाच्या अब्जांश भागातले किंवा त्याहून लहान झोत शाईच्या कणांवर पडतात, कण फुटतात, आणि ते तुकडे शरीर हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. माझा काळाच रंग होता, जो सगळ्यांत सोपा जातो, तरी आठ बैठका, वर्षाहून जास्त काळ. प्रत्येक वेळी झोत पडला की कातडी पांढरी फटफटीत होते, मग सूज, फोड, खपल्या. दुखणं टॅटूपेक्षा नक्कीच जास्त. आज जवळून बघितलं तर शब्दाची सावली दिसते आणि तिथली कातडी थोडी फिकी आहे.

पिवळा आणि हिरवा याहून हट्टी. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई लेझरखाली उलट काळी पडू शकते, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. भुवया किंवा ओठ गोंदवणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

पाऊलवाट, तुमच्या ओळीत जोडाक्षरं असतील तर कृपा करून टाइप करून पाठवू नका. कागदावर हाताने लिहा किंवा स्वतः तपासलेलं चित्र द्या. स्टेन्सिल कातडीवर चढली की थांबा. दुसऱ्या माणसाला, मराठी वाचणाऱ्या माणसाला, ती मोठ्याने वाचायला लावा. स्टेन्सिल पाण्याने पुसता येते, पाच वेळा पुसली तरी चालेल.

शाईवाली

जुनी जखम, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः देवनागरी लिहिते तरी प्रत्येक स्टेन्सिल गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेते.

न येणाऱ्या लिपीत तर याहून जास्त काळजी हवी. आरियाना ग्रांडे या गायिकेने २०१९ मध्ये तळहातावर जपानीत "सात अंगठ्या" गोंदवायला घेतलं, दुखतं म्हणून मधली अक्षरं गाळली, आणि उरलेल्या दोन अक्षरांचा अर्थ कोळशाची छोटी शेगडी असा झाला. तिच्यापाशी सगळी साधनं होती तरी असं झालं.

आता पाऊलवाट यांच्या ओळीकडे वळते. सहा शब्द ५ सेंटीमीटरमध्ये म्हणजे प्रत्येक अक्षराला जेमतेम अडीच मिलिमीटर. मी हे काम घेणार नाही.

कारण सांगते. आज काढलेली रेषा दहा वर्षांनी तेवढीच राहत नाही. डॉक्टरांनी पेशींची हातबदली सांगितली, त्या प्रत्येक हातबदलीत शाई किंचित सरकते. रेषा जाड होते, कडा मऊ होतात. रोमन अक्षराला हे थोडं सोसतं. देवनागरीला वर शिरोरेखा, तिच्या वर मात्रा, खाली उकार, आणि मधे "क"ची, "ध"ची, "ष"ची पोकळी. पोकळी एक मिलिमीटरची असेल तर ती काही वर्षांत भरते आणि "प"चा "ष" होतो. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेखेला चिकटतो. हे मी माझ्याच जुन्या कामावर पाहिलं आहे, आठ वर्षांनी परत आलेल्या मुलीच्या हातावर. तेव्हापासून शिरोरेखेपासून खालपर्यंत निदान ७ मिलिमीटर उंची असल्याशिवाय मी देवनागरी मजकूर घेत नाही.

म्हणून दोन पर्याय. ओळ दोन-तीन ओळींत तोडून मनगटाऐवजी कोपराखाली, हाताच्या आतल्या सपाट भागावर घ्या. किंवा सहा शब्दांतला एकच शब्द मनगटावर. मनगटाच्या अगदी घडीवर नको, तिथली कातडी दिवसभर दुमडते आणि शाई तुटक बसते. बोटं, तळहात, तळपाय यांचंही तेच, लवकर फिकटतात.

आणखी एक. मनगटाच्या आतली कातडी पातळ. सुई जराशी जास्त खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेषेभोवती निळसर धूर दिसतो. तो सहजासहजी सुधारता येत नाही. म्हणून आर्टिस्टकडे ताज्या कामाचे फोटो मागू नका, ताजं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. वर्ष-दोन वर्षं जुन्या, भरून आलेल्या कामाचे फोटो मागा, आणि त्यातही देवनागरी अक्षरांचे.

पाऊलवाट

सगळ्यांचे उपकार. एका रात्रीत इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आकाराचं ऐकून आधी वाईट वाटलं, मग मी पट्टी घेऊन कागदावर अडीच मिलिमीटरमध्ये ओळ लिहून पाहिली. मलाच वाचता आली नाही.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मधुमेह नाही, गोळ्या नाहीत, केलॉइड नाही, तीळ नाही. त्वचेचा आजार म्हणाल तर दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे छोटे चट्टे आहेत, सात-आठ वर्षांपासून, थंडीत वाढतात. पण मनगटावर कधीच आलेला नाही, म्हणून तिथे चालेल ना?

त्वचारोगतज्ज्ञ

थांबा. हे सगळ्यांत आधी यायला हवं होतं, आणि तुम्ही ते सांगितलंत हे फार चांगलं झालं.

सोरायसिसमध्ये निरोगी दिसणाऱ्या कातडीला इजा झाली तर त्या इजेच्या आकारात नवा चट्टा उठू शकतो. याला कोबनर परिणाम म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाच्या नावावरून. साधारण चौघांतल्या एका सोरायसिसवाल्याला हे होतं. खरचटणं, भाजणं, शस्त्रक्रियेचा टाका, आणि टॅटूची सुईसुद्धा. बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसतं, कधी खूप उशिराही. माझ्याकडे अक्षरांच्या बरोबर वळणावर लाल खवले घेऊन आलेले रुग्ण आहेत. "इथे कधीच आला नाही" याचा उपयोग नाही, कारण आतापर्यंत तिथे कुणी हजारो वेळा टोचलेलं नाही.

याचा अर्थ कधीच काढू नका असा नाही. सोरायसिस असलेले कितीतरी लोक टॅटू घेऊन सुखात आहेत. पण आजार डोकं वर काढलेला असताना नको. आधी आठवा: मांजराने ओरबाडलं, स्वयंपाकात भाजलं, तेव्हा त्या जागी चट्टा उठला होता का? उठला असेल तर मी नको म्हणेन. नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, चट्टे काही महिने शांत राहिलेत याची खात्री करा, मग लहान काम करा. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर जंतुसंसर्गाचा हिशोब वेगळा, तोही त्यांच्याशीच बोला.

रसायन

यावरून एक राहिलेली गोष्ट. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यांत जास्त आढळते आणि ती कधी कधी टॅटूनंतर महिन्यांनी, वर्षांनी उठते. हातावर एखादा ठिपका टोचून दोन दिवस वाट पाहिली की झालं, या समजुतीवर विसंबू नका.

आणि धाग्यात तात्पुरत्या टॅटूचा विषय निघण्याआधीच सांगतो. मेंदी काळी कुळकुळीत आणि तासाभरात चढणारी असेल तर त्यात बहुधा केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, डाग राहतात आणि नंतर आयुष्यभर केस रंगवता येत नाहीत इतकी ॲलर्जी बसू शकते. "आधी तात्पुरता काढून बघू" म्हणणाऱ्यांनी खरी लालसर मेंदी किंवा चिकटवायचं चित्र घ्यावं.

आईपण

मुलीने आज मला सुन्न करणाऱ्या क्रीमची ऑनलाइन जाहिरात दाखवली. "काहीच दुखणार नाही." हे लावावं का?

शाईवाली

माझ्याकडे येताना लावून येऊ नये असं मी सांगते. त्यात लिडोकेन असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये अशा जास्त तीव्रतेच्या क्रीमबद्दल जाहीर इशारा दिला होता. ४ टक्क्यांच्या वरचं, मोठ्या भागावर थापून वरून प्लास्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात उतरतं, झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. दुखणं सोसण्यासारखं असतं. फासळ्या, घोटा, गुडघ्यामागची बाजू इथे जास्त, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी. तिला म्हणावं जेवून ये, झोपून ये, आदल्या रात्री दारू नको. उपाशी पोटी आलेल्या मुली खुर्चीतच घेरी येऊन पडतात. आणि पहिला टॅटू छोटा घे.

जुनी जखम

जखमेची काळजी कुणी लिहिली नाही अजून.

शाईवाली

लिहिते, पण यावर आमच्यात मतभेद आहेत हे धरून चाला.

मी काम झाल्यावर श्वास घेणारी पातळ पारदर्शक फिल्म लावते आणि तीन-चार दिवसांनी काढायला सांगते. आत शाईमिश्रित पाणी जमतं, ते बघून लोक घाबरतात, ते ठीक आहे. कडेने गळू लागलं किंवा खाली लाल पुरळ आलं तर मात्र लगेच काढायची. चिकटपट्टीची ॲलर्जी असणाऱ्यांना फिल्म नकोच. स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून दिवसभर ठेवू नका, खाली घाम साठतो.

फिल्म नसेल तर हात धुवून, कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण, दिवसातून दोनदा. स्वच्छ कागदाने टिपायचं, घासायचं नाही. वर मॉइश्चरायझरचा इतका पातळ थर की चमकसुद्धा जेमतेम दिसावी. लोक मलम थापतात आणि जखम भिजत राहते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून साल निघते, खाज सुटते. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही, ओढलेल्या खपलीबरोबर शाई निघते. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, आतून स्थिरावायला काही महिने लागतात.

पोहणं पूर्ण बंद, जखम बंद होईपर्यंत. मेक्सिकोच्या आखातात टॅटूनंतर पाचव्या दिवशी समुद्रात उतरलेल्या ३१ वर्षांच्या माणसाचा व्हिब्रिओ जंतूने मृत्यू झाल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्याला यकृताचा जुना आजार होता, म्हणून इतकं टोकाला गेलं. तरी हे मी प्रत्येकाला सांगते.

ऊन हा टॅटूचा शत्रू. जखम उघडी असताना कपड्याने झाका, भरल्यावर कायम सनस्क्रीन.

त्वचारोगतज्ज्ञ

माझी भर. पहिले दोन-तीन दिवस लाली आणि उष्णता राहणारच. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू आला, ताप आला किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

एमआरआयबद्दल भीती पसरलेली आहे. ३३० जणांच्या अभ्यासात, २०१९ मधल्या, टॅटूमुळे त्रास एकालाच झाला आणि तोही किरकोळ. यंत्र चालवणाऱ्याला सांगून ठेवा, पुरे. रक्तदान मात्र बऱ्याच ठिकाणी काही महिने ते वर्षभर करता येत नाही, नियम देशानुसार बदलतो. नियमित देणाऱ्यांनी आधी देऊन मग टॅटू काढावा.

पाऊलवाट

पाच आठवड्यांनी परत आले आहे.

ठरलेली वेळ रद्द केली. आर्टिस्टला खरं कारण सांगितलं, त्याने आगाऊ पैसे पुढच्या तारखेला धरले. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. गेल्या वर्षी तव्याने पोटरीला भाजलं होतं, तिथे बारीक खवले आलेले मला आठवले, कपडे वर करून दाखवले. त्या म्हणाल्या, कोबनर आहेच, पण हलका. सहा महिने औषध लावून चट्टे शांत ठेवा, मग बघू. मी त्या दिवशी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. चार वर्षं वाट पाहिली होती.

स्टुडिओत मात्र जाऊन आले. पाकीट समोर फोडतात. राखाडीसाठीचं पाणी कोणतं असं विचारल्यावर त्याने सीलबंद निर्जंतुक पाण्याच्या कुपी दाखवल्या. देवनागरीचं जुनं, भरलेलं काम त्याच्याकडे एकच होतं, त्यात "ध" उघडा होता, बरं वाटलं.

ओळीतला एकच शब्द घेणार आहे, कोपराखाली, ८ मिलिमीटर उंचीचा. तो मी शाईपेनाने लिहिला, छापून हातावर चिकटवला. रोज अंघोळीत निघतो, रोज नवा लावते. शाईवाली ताई, शब्दात दीर्घ वेलांटी आणि तिच्यावर अनुस्वार आहे, दोन्ही फार जवळ येताहेत. फोटो टाकते आहे. ठिपका थोडा उजवीकडे सरकवला तर चालेल का, की शिरोरेखाच वर घ्यावी?

शाईवाली

फोटो पाहिला. शिरोरेखेला हात लावू नका. वेलांटीचं वळण थोडं उंच आणि उघडं काढा, अनुस्वार त्याच्या उजव्या बाहेर, मधे निदान दीड मिलिमीटर मोकळी जागा. ठिपका गोल नको, शाईपेनाचा तिरका पडतो तसाच ठेवा. पुन्हा लिहून टाका, सहा महिने आहेत आपल्याकडे.